नदीचा तळ कोण मोजतो?

महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री गेला. मुंबई-गोवा महामार्गावरचा दगडी कमानींचा हा पूल १९२८ सालचा. शेजारी नवा पूल झाला होता, तरी गोव्याकडून मुंबईला येणारी वाहने जुन्यावरूनच येत. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. गाड्या आणि एक तवेरा त्या रात्री मुंबईच्या वाटेवर होत्या. त्या थेट पुरात गेल्या. चाळीसच्या आसपास माणसे दगावली. काहींचे देह कित्येक किलोमीटर खाली खाडीत आणि समुद्रकिनारी मिळाले, काहींचे मिळालेच नाहीत. नौदल, तटरक्षक दल, एनडीआरएफ, गावोगावचे पट्टीचे पोहणारे असे सगळे पाण्यात उतरले. क्रेनला तीनशे किलोचे लोहचुंबक बांधून तळ चाचपला. तरीही पुलापासून काहीशे मीटरवर रुतलेला पहिल्या बसचा सांगाडा हाती लागायला आठवड्याहून जास्त दिवस गेले.

नंतर चर्चा झाली ती पुलाच्या वयाची, ब्रिटिशांच्या चुनेगच्चीची, कमानींत रुजलेल्या झाडांची, महाबळेश्वरच्या पावसाची. वाळूउपशाचा विषयही निघाला. निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग बसला. पडलेल्या पुलाच्या जागी दुसरा पूल अवघ्या १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्या कामाचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण दुर्घटनेनंतर सरकारने दिलेले एक स्पष्टीकरण माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या पुलाची तपासणी झाली होती आणि तेव्हा तो धोक्याचा आढळला नव्हता, असे ते स्पष्टीकरण. तपासणी झाली असेलच, त्याबद्दल मला शंका घ्यायची नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. मे महिन्यात पूल पाहिला तर नेमके काय दिसते?

कोकणातल्या कुठल्याही नदीत उन्हाळ्यात उतरून पाहावे. पाण्याची एक बारीक धार कडेकडेने वाहत असते. खांब पायथ्यापर्यंत उघडे असतात. दगडांच्या सांध्यांतला चुना कुठे निघाला, कमानीला तडा आहे का, पिंपळ कुठे फुटला, हे सगळे हाताने चाचपता येते. गेल्या पुरातले गवत आणि प्लास्टिक झाडांच्या फांद्यांत डोक्याच्या वर अडकलेले असते, त्यावरून पाण्याची उंचीही कळते. खांबाच्या पायाशी सपाट, स्वच्छ वाळू पसरलेली असते. तपासणीचा कागद इथवरच्या गोष्टींनी भरतो. त्या वाळूच्या पोटात काय आहे, हा रकाना त्या कागदावर बहुधा नसतो.

आणि सगळे रहस्य त्या वाळूतच आहे. पुरात पाणी वर चढते हे आपण काठावरून पाहतो. त्याच वेळी तळ खाली जात असतो, ते कोणालाच दिसत नाही. गढूळ पाण्याच्या पाच-सहा मीटर खाली वाळू, गोटे, मुरूम यांचा थरच्या थर वाहू लागतो. पूर ऐन भरात असतो तेव्हा पुलाखालचा तळ वर्षभरातल्या सर्वांत खोल पातळीवर गेलेला असतो. मग पाणी ओसरू लागते, त्याचा वेग मंदावतो, आणि वरून येणारा गाळ त्याच खड्ड्यात बसू लागतो. नवरात्रापर्यंत खड्डा बुजलेला असतो. दिवाळीनंतर तिथे क्रिकेट खेळता येते. खड्डा होता याची खूण उरत नाही, आणि जी भर पडलेली असते ती इतकी सैल असते की पुढच्या पुराचे पहिले काही तासच ती टिकते. म्हणजे पुलाच्या पायाला खरा धोका ज्या वेळी असतो, ती वेळ वर्षातून काही तासांची, बहुतेकदा अंधारातली, आणि काठावर कोणी उभे राहू शकणार नाही अशा पावसातली.

खांबापाशी हे प्रकरण आणखी बिकट होते. वाहते पाणी खांबाच्या तोंडावर आपटले की त्यातले काही बाजूंनी निघून जाते, पण बरेचसे खांबाला घासत सरळ खाली उतरते आणि तळावर जोरात आदळते. तिथे आडवा भोवरा तयार होतो. हा भोवरा खांबाच्या दोन्ही अंगांनी नालेच्या आकारात मागे वळतो आणि पायाभोवतीची माती उकरून मागे टाकत राहतो. पृष्ठभागावर दिसणारे भोवरे वेगळे आणि हा तळाचा भोवरा वेगळा. खांबाला ओंडका, झाडाची मुळे, वाहून आलेला कुडाचा भाग अडकला तर पाण्याला खांब अधिक जाड लागतो आणि खड्डा त्या प्रमाणात वाढतो. त्यातच पुलाच्या दोन्ही बाजूंचे भराव नदीत पुढे आणून पूल आखूड केलेला असेल, तर सगळा पूर त्या अरुंद गाळ्यांतून घुसतो आणि वेग वाढतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते लोटू शकते त्या दगडाचे वजन दुप्पट किंवा चौपट होत नाही, ६४ पट होते. जलशास्त्रातला हा जुना नियम आहे. महाबळेश्वरातून सुमारे १३०० मीटर उंचीवरून थोडक्या अंतरात पोलादपूरच्या बाजूला कोसळणाऱ्या सावित्रीने घागरीएवढे धोंडे कुठून कसे आणले, याचे उत्तर त्यात मिळते.

या विषयाचा मोठा अभ्यास आपल्याच अंगणात झालेला आहे. खडकवासल्याला धरणाच्या खालच्या बाजूला केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान शाला आहे. तिची सुरुवात १९१६ ची, मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे कामातून झालेली. तिथे सर क्लॉड इंग्लिस नावाचा अभियंता अनेक वर्षे नद्यांची आणि कालव्यांची प्रतिरूपे करून पाणी सोडून पाहत होता. त्याच्या आधी पंजाबात केनेडी नावाच्या अभियंत्याने १८९५ मध्ये बारी दुआब कालव्यावर मोजमापे घेऊन एक साधा प्रश्न विचारला होता: कालवा गाळाने भरूही नये आणि तळ खरवडलाही जाऊ नये, असा पाण्याचा वेग कोणता? जेराल्ड लेसीने १९३० च्या सुमारास त्या प्रश्नाला सूत्राचे रूप दिले. गाळाच्या प्रदेशात वाहणारे पाणी आपली रुंदी, आपली खोली आणि आपला उतार हळूहळू स्वतःच ठरवते, आणि त्या तिन्हींचा मेळ बसला की पात्र स्थिरावते, असे त्याचे म्हणणे. इंग्लिसने उत्तर भारतातल्या १७ पुलांची मोजमापे तपासली आणि दाखवले की खांबापाशी तळ लेसीच्या खोलीच्या साधारण दुप्पट खाली जातो. हा दुपटीचा नियम इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत आजही आहे. आपले पूल त्यावरच उभे राहतात.

त्या सूत्राने एक हिशेब करून पाहू. मध्यम जाडीची वाळू आहे आणि पात्राच्या रुंदीतल्या दर मीटरमागे सेकंदाला १० घनमीटर पाणी वाहते आहे, असे धरू. सूत्र सांगते की पुराच्या पातळीपासून सुमारे ५.८ मीटर खाली तळ स्थिरावेल. खांबापाशी त्याच्या दुप्पट, म्हणजे साडेअकरा मीटर. पाणी दुप्पट झाले, तर खांबापाशीची खोली अठरा मीटरच्या वर जाते. पाया त्याच्याही खाली घट्ट रुतलेला हवा. सहा मजली इमारत उभी बुडेल एवढ्या खोलीची ही गोष्ट आहे, आणि तीही पुराच्या पाण्याच्या पृष्ठभागापासून. उन्हाळ्यात पायाशी वाळू पाहून समाधान मानणाऱ्याला हा आकडा आठवला पाहिजे.

पण या सूत्राचा जन्म सिंधू-गंगेच्या मैदानातल्या बारीक वाळूत झाला आहे, आणि सह्याद्रीच्या नद्या तशा नाहीत. इथे कुठे काळ्या पाषाणाचा उघडा तळ, कुठे गोटे, कुठे मुरूम, आणि महाडच्या खाली दासगावकडे भरतीच्या पाण्यात बसलेला चिकट गाळ. एकाच नदीत पाच-पंचवीस किलोमीटरमध्ये हे सगळे येते. भारतीय संशोधकांनी या सूत्राच्या मर्यादा वारंवार मांडल्या आहेत. कोकणात खडक जवळ असतो म्हणून पाया उथळ ठेवला तरी चालतो, अशी समजूत आहे. खडक ताजा आणि अखंड असेल तर ती खरी. पण सडलेला खडक आणि मुरूम पुराला दगडासारखे तोंड देत नाही. दरवर्षी थोडाथोडा झिजतो आणि वाळूसारखा परत भरून येत नाही, त्यामुळे ती हानी कायमची.

आपल्याकडच्या नद्या जागा सोडत नाहीत असेही आपण मानतो. बिहारच्या कोसीशी तुलना केली तर ते बरोबर आहे. कोसी दोनशेहून अधिक वर्षांत सुमारे १२० किलोमीटर पश्चिमेला सरकत गेली, आणि १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळात कुसहाजवळ बांध फोडून पुन्हा जुन्या वाटांना लागली. दख्खनच्या नद्या खडकात बसलेल्या आहेत. पुणे विद्यापीठाचे प्रा. विश्वास काळे यांनी नर्मदा-तापीसारख्या नद्यांच्या महापुरांवर केलेल्या अभ्यासातून मात्र दिसते की, या नद्या वर्षानुवर्षे शांत राहतात आणि पात्र बदलण्याचे मोठे काम क्वचित येणाऱ्या एखाद्या महापुरात उरकतात. माणसाची स्मरणशक्ती अशा दोन महापुरांच्या मधल्या काळाएवढीही लांब नसते. आजोबांनी पाहिलेला पूर नातवाच्या पिढीत कहाणी झालेला असतो, आणि तोवर थडीवर दुकाने उठलेली असतात.

नदीचा हा स्वभाव झाला. तळ खाली जाण्याचे दुसरे कारण आपण आहोत.

शंभर मीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असा वाळूचा खड्डा काढला, तर त्यातून सुमारे ५३०० ब्रास वाळू निघते. पोकलेन आणि सक्शन पंप असले की हे फार दिवसांचे काम नाही. खाडीत पिढ्यान्‌पिढ्या हातपाटी-डुबीने रेती काढणाऱ्यांशी याची गल्लत करू नये. माणसाने बुडी मारून घमेल्याने काढलेल्या रेतीला त्याच्या छातीतल्या दमाची मर्यादा असते. यंत्राला ती नाही. आणि नदीतला खड्डा ज्या जागी खणला तिथेच राहत नाही. खड्ड्याच्या वरच्या काठावर पाण्याला अचानक उतार मिळतो, पाणी तिथे वेग घेते, काठ कापते, आणि तो काठ मागे मागे, म्हणजे नदीच्या उगमाच्या दिशेने सरकत जातो. पुलाच्या खालच्या अंगाला अर्ध्या किलोमीटरवर काढलेली वाळू दोन-चार पावसाळ्यांनी पुलाखालचा तळ घेऊन जाते. दुसऱ्या बाजूला, वरून येणारा गाळ आधी खड्ड्यात पडतो आणि खड्ड्यातून पुढे निघालेले पाणी गाळाविना रिते असते, म्हणून ते खालच्या तळाला खाते. एका खड्ड्याने नदी दोन्ही दिशांना खचते.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या वाळू उत्खनन मार्गदर्शक सूचनांमध्ये हे ज्ञान उतरलेले आहे. पुलाच्या वरच्या अंगाला गाळ्याच्या लांबीच्या पाचपट आणि खालच्या अंगाला दहापट अंतरात वाळू काढू नये, आणि हे अंतर वर किमान २५० मीटर, खाली किमान ५०० मीटर असावे, असे त्या सांगतात. खालचे अंतर वरच्याच्या दुप्पट का, हे वाळूच्या लिलावाला हरकत घेणाऱ्या प्रत्येक ग्रामसभेला माहीत असायला हवे. त्याआधी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा सरकार या खटल्यात छोट्या क्षेत्रातल्या वाळूउपशालाही पर्यावरण मंजुरी लागेल असा आदेश दिला होता. कायदा आहे, सूचना आहेत. रात्री दोन वाजता घाटावर उभा राहणारा तलाठी एकटा आहे.

पोर्तुगालमध्ये दोउरो नदीवर एंत्रे-ओस-रिओस इथे एकोणिसाव्या शतकातला हिंत्झ रिबेइरो पूल होता. ४ मार्च २००१ च्या रात्री पूर असताना त्याचा खांब खचला आणि एक बस आणि तीन मोटारी नदीत गेल्या. ५९ माणसे मेली. काही देह स्पेनच्या किनाऱ्यावर सापडले. वर्षानुवर्षांच्या वाळूउपशाने तळ खाली गेला होता आणि खांबाचा पाया उघडा पडला होता, हे तिथे पुढे आले. मंत्री जॉर्जे कोएलो यांनी लगेच राजीनामा दिला. सावित्रीचा अपघात समोर ठेवून हे वाचताना अंगावर काटा येतो: रात्र, पूर, जुना पूल, बस, आणि समुद्रापर्यंत गेलेली माणसे. आपल्याकडे हिमाचल-पंजाबच्या सीमेवर चक्की नदीवरचा पठाणकोट-जोगिंदरनगर मार्गाचा रेल्वेपूल २० ऑगस्ट २०२२ रोजी पुरात पडला. त्या नदीतल्या वाळू-गोट्यांच्या बेकायदा उपशाबद्दल तिथले लोक आधीपासून बोलत होते. सुदैवाने पुलावर गाडी नव्हती.

अमेरिकेचे उदाहरण मला सर्वांत उपयोगाचे वाटते, कारण त्यातून पुढे काहीतरी घडले. न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी नावाच्या ओढ्यावरचा महामार्गाचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी पुरात कोसळला. दहा माणसे गेली. पूल १९५० च्या दशकातला, म्हणजे म्हातारा म्हणावा असा नव्हताच. त्याचे पाये उथळ होते. खालची हिमनदीने दाबून बसवलेली घट्ट माती वाहून जाणार नाही असा भरवसा होता, आणि संरक्षणासाठी पायाभोवती मोठे दगड टाकलेले होते. ते दगड एकामागून एका पुराने नेले, पुन्हा कोणी टाकले नाहीत. पुलाच्या नियमित तपासण्या होत असत. पाण्याखाली उतरून तपासणी मात्र कधी झाली नव्हती. या अपघातानंतर १९८८ मध्ये तिथल्या संघराज्य महामार्ग प्रशासनाने देशभरातल्या पुलांची तळाच्या खरवडीच्या दृष्टीने छाननी सुरू करवली. प्रत्येक पुलाला पाया खरवडीपुढे टिकेल की नाही याचा शेरा मिळू लागला, आणि न टिकणाऱ्या पुलांसाठी पुराच्या वेळी काय करायचे, वाहतूक कोणत्या पातळीला थांबवायची, याचा आराखडा आधीच तयार ठेवायची पद्धत पडली.

याच अमेरिकेतल्या एमरी लेन या अभियंत्याने १९५५ मध्ये नदीचा समतोल समजावायला तराजूची कल्पना मांडली. एका पारड्यात वाहून येणारा गाळ आणि त्याच्या कणांची जाडी, दुसऱ्यात पाणी आणि उतार. गाळ कमी झाला तर पाण्याचे पारडे जड होते आणि नदी तळ खाऊ लागते. गाळ वाढला तर नदी तो पात्रात टाकत जाते. धरण बांधले की गाळ धरणात अडकतो आणि खाली सुटणारे पाणी गाळाविना जाते, म्हणून धरणांच्या खाली तळ खरवडला जातो. डोंगर उघडा केला, रस्त्यासाठी घाट कापून राडारोडा दरीत लोटला, की खालचे पात्र भरते. सह्याद्रीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत.

महाडने २०२१ मध्ये दुसरे टोक पाहिले. जुलैच्या २२-२३ तारखांना महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तळिये गावावर दरड कोसळली, महाडच्या बाजारपेठेत घरांचे तळमजले बुडाले, तिकडे वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. पूर ओसरला तेव्हा घराघरांत चिखल होता आणि पात्रात बेटे वाढली होती. मग दोन्ही नद्यांतला गाळ काढायची मोठी कामे निघाली. ज्याचे दुकान दोनदा बुडाले त्याला गाळ काढू नका असे सांगायला मी धजणार नाही, आणि तसे सांगणे बरोबरही नाही. भरतीच्या वेळी पुराला वाट न मिळणाऱ्या शहरात पात्र मोकळे हवेच. पण गाळ कुठून काढायचा, किती खोल, आणि कुठे थांबायचे, हे तळाची मोजणी करूनच ठरले पाहिजे. पोकलेनच्या तासांवर आणि उचललेल्या घनमीटरवर कामाचे माप ठरले, तर नदी सरळसोट चर होते. डोह बुजतात, थडीच्या मुळांखालची माती निघते, काठ कोसळतात, आणि वरच्या पुलांच्या पायांपर्यंत तो खड्डा चढत जातो. गाळ काढल्याने महाडची पुराची पातळी खाली आली आणि वरच्या गावातल्या साकवाचा पाया उघडा पडला, असे होऊ नये याची जबाबदारी त्याच कामाच्या अंदाजपत्रकात असली पाहिजे.

उपाय अवघड नाहीत, म्हणून राग अधिक येतो. प्रत्येक पुलापाशी नदीचा आडवा छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत तळाची उंची, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर घ्यायची. नावेला इको साउंडर लावून हे पाण्यातही करता येते. दहा वर्षांचे असे छेद एकावर एक ठेवले की तळ खाली चालला आहे की वर, हे शाळेतल्या मुलालाही दिसेल. भर पुरात, दिवसा, पुलाच्या कठड्यावरून वजन बांधलेला दोर सोडून खोली मोजण्याची पद्धत जगभर वापरात होती आणि आहे. खांबावर ध्वनिलहरींनी तळाचे अंतर मोजणारी यंत्रे बसवता येतात. पायाजवळच्या वाळूत ठरावीक खोलीवर पुरून ठेवायची उपकरणेही आहेत, तळ तिथवर खरवडला गेला की ती सुटून वर तरंगतात आणि इशारा देतात. पायाभोवती दगड किंवा गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या जाळ्या, टाकले असतील तर प्रत्येक मोठ्या पुरानंतर ते जागेवर आहेत का हे पाहायचे. एका नव्या पुलाच्या खर्चापुढे हे सगळे किरकोळ आहे.

पुलांची यादी आपल्याकडे आहे. बांधल्याचे साल, लांबी, गाळे, भार सहन करण्याची क्षमता, सगळे त्यात असते. त्या यादीत तळाची पातळी आणि ती मोजल्याची तारीख हे दोन रकाने वाढवावेत, आणि ते संकेतस्थळावर कोणालाही पाहता यावेत. मोजमाप नसेल तिथे रकाना रिकामा दिसू द्यावा. रिकामा रकानाही लोकांना पुष्कळ सांगेल.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या रोजच्या वाटेवर एखादा पूल असेलच. माहिती अधिकाराचा अर्ज करून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे त्या पुलाखालच्या नदीचे गेल्या दहा वर्षांतले आडवे छेद मागा, आणि पाया कोणत्या पातळीपर्यंत आहे ते विचारा. वाळूचा लिलाव निघाला तर जिल्हा सर्वेक्षण अहवाल वाचून पुलापासूनचे अंतर ग्रामसभेत मोजायला लावा. हा अर्ज येत्या मेच्या आत करा, म्हणजे उत्तर पावसाळ्याआधी हातात येईल.